इस्त्री तापत नाही? आधी मोजा: व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स आणि वॅट काढायची रीत

आमचं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे, सोलापूरच्या पूर्वभागात, घराच्याच वरच्या मजल्यावर पत्र्याखाली. सहा शिलाई मशिनं, एक ओव्हरलॉक, दोन हजार-हजार वॅटच्या इस्त्र्या आणि चार पंखे. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे एप्रिल-मे आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका एप्रिलमध्ये इस्त्रीवरच्या मुली रोज एकच सांगायला लागल्या, "अक्का, इस्त्री तापंना. पँटची क्रीज बसंना."

मी नवी इस्त्री आणली. तीही तापेना. दुकानदाराशी वाद घालून ती बदलून आणली, तरी तेच. तिसऱ्या आठवड्यात कपाटामागच्या पट्टीतून जळका वास आला आणि सगळा मजला बंद पडला. पट्टी उघडली तेव्हा आतला वायरचा जोड वितळून काळा झाला होता. दुरुस्तीला आलेल्या वायरमन अण्णांनी काम संपल्यावर मला मीटर धरायला शिकवलं आणि वहीत चार ओळींचं गणित करून दाखवलं. जोड जळण्याआधी तीन आठवडे तो जोडच इस्त्रीची उष्णता खात होता, आणि हे गणित मला येत असतं तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. नंतर मी ते नीट शिकले, आता युनिटमधल्या मुलींनाही शिकवते. घरात किंवा धंद्यात नव्यानेच विजेच्या लोडशी गाठ पडलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

सूत्रं सोपी आहेत. चुका होतात त्या कुठे मोजलं आणि कधी मोजलं यात. म्हणून मोजण्यावरच जास्त लिहिलंय.

१) चार शब्द आणि दोन सूत्रं

व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब, व्होल्टमध्ये मोजतात. करंट म्हणजे वाहणारी वीज, अँपिअरमध्ये. रेझिस्टन्स म्हणजे वाटेतला अडथळा, ओहममध्ये. पॉवर म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा वापरली जाते ते, वॅटमध्ये. शाळेच्या मराठी पुस्तकात यांनाच विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि शक्ती म्हणतात, पण दुकानात आणि वायरमनच्या तोंडी वरचेच शब्द असतात.

सोलापूरकराला दाब म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पाणी येतं त्या दिवशी नळाला जोर किती आहे हे आपण आधी बघतो. जोर तोच असेल तर जाड पाइपातून पाणी जास्त येतं, बारीक पाइपातून कमी. विजेचंही बरंचसं तसंच.

सूत्रं अशी:

रेझिस्टन्स = व्होल्टेज ÷ करंट
पॉवर = व्होल्टेज × करंट

बाकीची यांतूनच निघतात. त्यातली दोन मला रोज लागतात:

पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रेझिस्टन्स
पॉवर = करंट × करंट × रेझिस्टन्स

पहिलं सूत्र ओहमच्या नियमातलं. गेऑर्ग ओहम हे जर्मनीत कोलोनला शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत असत. त्यांनी हा नियम १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला. त्या प्रयोगांतली एक गोष्ट मला फार भावते. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब स्थिर राहत नसे, मोजेमोजेपर्यंत आकडा बदलायचा. शेवटी त्यांनी बॅटरी सोडून तांबं आणि बिस्मथ यांचा जोड वापरला. एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं की त्यातून स्थिर दाब मिळतो. दाब हलता असेल तर गणित फसतं, हे त्यांना पहिल्यांदा सोसावं लागलं. पाचव्या पायरीवर तुम्हालाही ते भेटेल.

२) काय काय लागेल

– क्लॅम्प मीटर. नुसता मल्टिमीटर घेऊ नका. मल्टिमीटरने करंट मोजायचा तर तार तोडून मीटर मध्ये घालावा लागतो, आणि २३० व्होल्टवर नवख्या माणसाने ते करू नये. क्लॅम्प मीटरचा जबडा वायरभोवती बसवला की झालं. त्यात व्होल्ट आणि ओहमही मोजता येतात. मीटरवर ‘कॅट थ्री, ६०० व्होल्ट’ असं छापलेलं बघून घ्या, ती मीटरच्या सुरक्षिततेची पातळी असते.
– मोजणीची दोरी. हे नाव आम्हीच ठेवलंय. एक हात लांबीची तीन तारांची जाड एक्स्टेंशन वायर, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला सॉकेट. मध्ये वीतभर बाहेरचं काळं आवरण काढून आतल्या तीन तारा सुट्या केलेल्या. आतल्या तारांचं इन्सुलेशन मात्र शाबूत हवं. ही दोरी वायरमनकडूनच करून घ्या.
– मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर, एक वही, आणि प्रत्येक यंत्रावरच्या नेमप्लेटचा फोटो.
– शेवटचं वीजबिल. त्यावर मंजूर भार छापलेला असतो, तो दहाव्या पायरीला लागेल.

३) हात लावण्याआधी

हे वगळून पुढे जाऊ नका. कोरडी कातडी विजेला बराच अडथळा करते. घामाने किंवा पाण्याने भिजली की तोच अडथळा हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. वरचंच सूत्र लावा: २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर. घरात बसवतात तो आरसीसीबी ०.०३ अँपिअरची गळती झाली की वीज तोडतो, म्हणजे अंगातून त्याच्या साडेसातपटीहून जास्त करंट जाऊ शकतो. मे महिन्यात पत्र्याखाली कोणाचे हात कोरडे असतात?

हात पुसा, रबरी चप्पल घाला, फरशी कोरडी आहे का बघा. मीटरच्या टोकदार काड्यांना, म्हणजे प्रोबला, प्लास्टिकच्या कड्याच्या मागेच धरा. आरसीसीबी नसेल तर मीटर घेण्याआधी तो बसवून घ्या. या लेखातलं मोजमाप तुम्ही करू शकता, पण वायर बदलणं, जोड देणं आणि बोर्ड उघडणं हे परवानाधारक वायरमनचंच काम.

४) नेमप्लेट वाचा, पण तिथेच थांबू नका

इस्त्रीवर लिहिलंय: २३० व्होल्ट, १००० वॅट. त्यावरून

करंट = १००० ÷ २३० = ४.३५ अँपिअर
रेझिस्टन्स = २३० × २३० ÷ १००० = ५२.९ ओहम

आता इथे बहुतेक सगळे अडखळतात, मीही अडखळले. घरी व्होल्टेज २०० च येत असेल तर इस्त्री किती करंट घेईल? पटकन तोंडात येतं, १००० ÷ २०० म्हणजे ५ अँपिअर. हे चूक आहे. इस्त्रीच्या आत नायक्रोम या मिश्रधातूची कॉइल आहे, आणि तिचा रेझिस्टन्स जवळजवळ कायम असतो. १००० वॅट हा आकडा फक्त २३० व्होल्टपुरता खरा. दाब उतरला की करंटही उतरतो: २०० ÷ ५२.९ = ३.७८ अँपिअर. आणि पॉवर २०० × ३.७८ = ७५६ वॅट. म्हणजे व्होल्टेज १३ टक्के कमी आणि उष्णता २४ टक्के कमी. दाबाचा वर्ग होतो, म्हणून मार दुप्पट बसतो.

इस्त्री, गिझर, शेगडी, पाणी तापवायचा रॉड, या सगळ्यांत ओहम पक्के धरायचे आणि वॅट बदलते. वहीत प्रत्येक वस्तूपुढे तिचे ओहम लिहून ठेवा.

५) व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी, एकाच ठिकाणी मोजा

इस्त्रीची पिन मोजणीच्या दोरीत घाला, दोरी भिंतीच्या सॉकेटमध्ये. इस्त्री चालू करा आणि तिचा दिवा लागलेला असताना:

अ) मीटर एसी अँपिअरवर ठेवून जबडा दोरीतल्या फक्त एका तारेभोवती बसवा, फेज (वीज आणणारी) किंवा न्यूट्रल (परत नेणारी) कोणतीही एक. अख्ख्या केबलभोवती बसवलात तर शून्य दिसेल. जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांना पुसून टाकतात. "मीटर खराब आहे" म्हणून दुकानात परत आणलेले कितीतरी मीटर खरं तर चांगले असतात, असं अण्णा सांगतात.

आ) तारेला हात न लावता मीटर एसी व्होल्टवर घ्या आणि त्याच बोर्डवरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये प्रोब घाला. इस्त्री चालूच हवी.

दोन फसगती. एक, थर्मोस्टॅट. इस्त्री तापली की तो करंट तोडतो, दिवा विझतो आणि मीटरवर शून्य येतं. नॉब पूर्ण फिरवा आणि दिवा लागलेला असतानाच आकडा घ्या. दुसरी, इस्त्री लावण्याआधी मोजलेलं व्होल्टेज गणितात घालणं. मोकळ्या सॉकेटला २२९ दिसतात, इस्त्री लावली की २१० होतात, आणि गणितात मात्र २२९ जातात. मग रेझिस्टन्सही चुकतो आणि वॅटही. आपल्याकडे दुपारी, सगळीकडे कूलर सुरू झाले की व्होल्टेज मिनिटामिनिटाला हलतं, तेव्हा दोन आकड्यांत पाच मिनिटांचं अंतरही नको. शक्य असेल तर दोन मीटर घ्या, एक तुम्ही धरा, दुसरा कोणाला तरी वाचायला सांगा.

करंट फार लहान असेल, समजा एखादा लहान दिवा, तर ती एक तार जबड्यातून दहा वेढे देऊन न्या आणि आकड्याला दहाने भागा. यासाठी दोरी थोडी लांब लागते.

६) गणित

काल दुपारी आमच्या एका इस्त्रीचे आकडे: २२१ व्होल्ट, ४.१८ अँपिअर.

रेझिस्टन्स = २२१ ÷ ४.१८ = ५२.९ ओहम
पॉवर = २२१ × ४.१८ = ९२४ वॅट

ओहम नेमप्लेटशी जुळले, म्हणजे कॉइल ठणठणीत. वॅट कमी आहेत ते दाब कमी असल्यामुळे. यात इस्त्रीचा काही दोष नाही. ओहम बरेच जास्त निघाले असते तर पिन, इस्त्रीची वायर किंवा आतलं कनेक्शन ढिलं असण्याची शंका घ्यायची.

युनिट काढायचं तर: १००० वॅट एक तास म्हणजे १ युनिट. आठ तासांच्या पाळीत थर्मोस्टॅट निम्मा वेळ बंद ठेवतो असं धरलं, तर ०.९२४ × ४ = ३.७ युनिट. किती वेळ दिवा लागतो हे घड्याळ लावून एकदा बघा, अंदाज बराच सुधारतो.

७) वायर किती खाते ते काढा

माझ्या मते सगळ्या लेखात कामाची पायरी हीच. आमच्या जळालेल्या जोडाचे आकडे अण्णांनी घेतले नव्हते, तो जळूनच गेला होता. पण कपाटापलीकडच्या दुसऱ्या इस्त्रीच्या बोर्डावर तसाच जुना जोड होता. दोन्ही इस्त्र्या तात्पुरत्या त्या बोर्डावर लावून आम्ही मोजलं:

मेन बोर्डावर, लोड चालू असताना: २२९ व्होल्ट
इस्त्रीच्या सॉकेटवर, तेव्हाच: २०७ व्होल्ट
दोन इस्त्र्यांचा मिळून करंट: ७.८३ अँपिअर

दोन्हींतला फरक २२ व्होल्ट. तो वाटेत गेला. कुठे? ओहमचा नियम फक्त इस्त्रीला नाही, वायरलाही लागू आहे. या वेळी सूत्रात फक्त तो फरक घालायचा:

वाटेचा रेझिस्टन्स = २२ ÷ ७.८३ = २.८१ ओहम
वाटेत जळणारी पॉवर = २२ × ७.८३ = १७२ वॅट

आता चांगल्या वायरीत किती जायला हवं होतं? १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे १८ ओहम. मेन बोर्ड ते इस्त्री १८ मीटर, जाणं-येणं मिळून ३६ मीटर. परत येणारी तार धरायला विसरू नका, ही चूक फार होते. ०.०३६ × १८ = ०.६५ ओहम. मग उरलेले २.१६ ओहम कुठून आले? त्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडातून. त्या एका जोडात ७.८३ × ७.८३ × २.१६ = १३२ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि त्यावर कथील वितळतं. आमच्या लाकडी कपाटामागे तशी पाच सोल्डरिंग आयर्न दिवसभर चालू होती. हा आकडा वहीत उतरला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तिथून हातभर अंतरावर पॉलिस्टरचे तागे रचलेले होते.

आणि इस्त्री का तापत नव्हती तेही कळलं: २०७ × २०७ ÷ ५२.९ = ८१० वॅट. मी नवी इस्त्री आणली काय आणि दहा आणल्या काय, सॉकेटलाच दाब नव्हता.

आम्ही मधे जोड न देता २.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर ओढून घेतली. तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला साडेसात ओहमच्या आसपास, म्हणजे ३६ मीटरला ०.२७ ओहम. आता दोन्ही इस्त्र्या लावल्या तरी सव्वादोन-अडीच व्होल्टच पडतात, आणि जी वीसेक वॅट उष्णता होते ती ३६ मीटर वायरभर विखुरली जाते.

तुमच्याकडे करून बघताना हिशेब असा ठेवा: मेन बोर्ड ते सॉकेट फरक पाच-सहा व्होल्टच्या आत असेल तर निवांत राहा. दहाच्या वर गेला तर वायरमनला बोलवा. आणि लोड चालू असताना सॉकेटची किंवा पिनची प्लास्टिक बाजू हाताला गरम लागत असेल तर आकड्यांची वाट बघू नका, लगेच बंद करा.

८) ओहम मीटरने मोजायचे असतील तर

वस्तूची पिन काढूनच. चालू विजेवर मीटर ओहमवर ठेवून प्रोब लावलात तर मीटर जाईल, कदाचित हातही भाजेल. पिन काढा, थर्मोस्टॅट चालूच्या बाजूला ठेवा, पिनच्या दोन बारीक काड्यांवर प्रोब लावा. प्रोब एकमेकांना टेकवले की जे अर्धा-एक ओहम दिसतात ते वजा करा. दोन्ही हातांच्या बोटांनी दोन्ही धातू धरू नका, तुमचाही रेझिस्टन्स त्यात मिसळतो.

इस्त्री आणि गिझर थंड असताना मोजले तरी आकडा जवळपास बरोबर येतो, कारण नायक्रोमचा रेझिस्टन्स तापल्यावर फारसा बदलत नाही. जुन्या पिवळ्या बल्बचं तसं नसतं. १०० वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स पेटलेला असताना ५२९ ओहम निघतो. तोच थंड मोजला तर चाळीसच्या आसपास. टंगस्टनची तार पांढरीफटक तापते तेव्हा तिचा अडथळा दहापटीहून जास्त वाढतो. म्हणून असा बल्ब बहुतेक वेळा बटण दाबण्याच्या क्षणीच उडतो.

९) मोटर आणि एलईडी: इथे हे गणित जपून

शिलाई मशिनच्या मोटरची वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, मी हौसेने मोजली होती. ८ ओहम आले. २३० ÷ ८ = २८.७५ अँपिअर! प्रत्यक्षात मोटर दीड अँपिअर घेत होती. एसीवर फिरणारी मोटर नुसत्या तारेच्या अडथळ्यावर चालत नाही. तिच्यातलं चुंबकत्वही करंटला अडवतं, आणि ते ओहम मीटरला दिसत नाही. मोटरचे ओहम फक्त वाइंडिंग तुटली किंवा जळली का एवढंच सांगतात.

मोटरचे वॅट काढताना तिसरा आकडा लागतो, पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट × अँपिअर या गुणाकारातला किती भाग खरे वॅट असतो ते. वॅट = व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर. २३० × १.५ = ३४५ येतात ते व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर ०.७ असेल तर खरे वॅट २४१. जुन्या क्लच मोटरी सुई थांबली तरी फिरतच राहतात, सर्व्हो मोटर पायडल दाबलं तरच फिरते. म्हणून मी एकेक करून सर्व्होवर जाते आहे.

एलईडीलाही हेच. ९ वॅटच्या बल्बला ०.०७ अँपिअर दिसले तर २३० ने गुणून १६ येतात. बल्ब जास्त वीज खातो असं त्यातून ठरत नाही, त्याचा पॉवर फॅक्टर कमी आहे एवढंच.

लूमवाल्यांसाठी एक ओळ: थ्री फेजला वॅट = १.७३२ × ४१५ × एका फेजचा करंट × पॉवर फॅक्टर. आणि मोटरच्या पाटीवरचा १ हॉर्सपॉवर, म्हणजे ७४६ वॅट, हे शाफ्टवर मिळणारं काम. लाइनीतून ती त्याहून जास्त ओढते.

१०) सगळा लोड जोडा

एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) आणि वायर करंट ओळखतात, म्हणून बेरीज अँपिअरची करा. आमची अशी झाली: इस्त्र्या ८.७, सात मोटरी १०.५, चार पंखे १.२, एकूण २०.४ अँपिअर. आणि हे सगळं १६ च्या एका एमसीबीवर होतं! तो तुटायचा, आम्ही वर करायचो, पुन्हा तुटायचा. कोणीतरी ३२ चा घालायला सुचवलं होतं. तसं कधीच करू नका. एमसीबी वायरला सांभाळतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला तर वायर जळेपर्यंत तो शांत बसेल. आम्ही इस्त्र्यांची लाइन वेगळी केली, मोटरींची वेगळी.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही हिशेब धरा. एमसीबीची उष्णतेवर तुटण्याची क्षमता ३० अंश तापमानाला धरून ठरवलेली असते. मे महिन्यात पत्र्याखाली पंचेचाळीसच्या पुढे गेलं की १६ चा एमसीबी एरवीपेक्षा कमी करंटलाच तुटतो. तांब्याचा रेझिस्टन्सही दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो आणि वायरची करंट सोसायची ताकद घटते. आम्ही प्रत्येक लाइन एमसीबीच्या पाऊण भागाच्या आत ठेवतो, १६ ला १२.

वॅटचीही बेरीज करून बिलावरच्या मंजूर भाराशी ताडून बघा. जास्त निघाला तर भार वाढवून मागा. घरगुती जोडणीवर धंदा चालवत असाल तर जोडणीचा प्रकारही बदलून घ्या.

११) घरच्या मीटरवर ताळा करा

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एक युनिट म्हणजे किती लुकलुका ते छापलेलं असतं. आमच्यावर ३२०० आहे. तुमच्यावर वेगळा आकडा असेल तर तो घ्या. घरातलं सगळं बंद करा, फक्त इस्त्री लावा, दिवा लागलेला असताना एक मिनिटभर लुकलुका मोजा.

वॅट = मिनिटातल्या लुकलुका × ६०,००० ÷ ३२००

काल ४९ मोजल्या, म्हणजे ९१९ वॅट. क्लॅम्प मीटरने ९२४ सांगितले होते. दोन्हींत पाच टक्क्यांच्या आत फरक असेल तर तुमची मोजणी बरोबर आहे. मीटरचा आकडा बराच जास्त आला तर घरात काहीतरी चालू राहिलंय, बहुतेक वेळा फ्रीज. कमी आला तर मिनिटाच्या मधेच थर्मोस्टॅट तुटला असणार, नॉब वर करून पुन्हा मोजा. तारीख, वेळ, व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट आणि लुकलुका असे सात रकाने वहीत आखा. पहिली नोंद सकाळी दहाच्या आत घ्या, दुसरी दुपारी तीनला, कूलर जोरात असताना.